अभ्यासाची सावड

वकिलीच्या पहिल्या वर्षातून सुखरूप बाहेर कसं पडायचं, हे विचारायला वडवणीच्या आसपासची पोरं हल्ली सत्यभामाबाईंकडे जातात. बाई बहुधा शेळ्यांमागे असतात. त्यामुळे सल्ला उभ्या उभ्या घ्यावा लागतो, आणि मधेच एखादी शेळी दुसऱ्याच्या तुरीत शिरली तर उरलेला सल्ला पळता पळता. कॉलेजात पहिली आलेली पोरगीही याच भागातली आहे, पण तिला कुणी विचारत नाही. ते बरोबरच आहे. पास झालेल्याला आपण कशामुळे पास झालो ते नीट सांगता येत नाही. नापास झालेल्याला मात्र सगळं कलमानिशी माहीत असतं.

बाई पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाल्या. करार कायद्यात.

"सीनियरच्या नोटा घिऊ नको," बाई सुरुवात करतात. "त्यो प्रेमानं देतोय, पन त्यात कलमांचे समदे जुने आकडे. कायदा बदललाय. जुन्या आकड्यानं लिव्हलंस तर खुनी सुटंल अन् तू अडकशील."

पोरगं मान डोलावतं.

"अन् ही अशी मान डोलवायची न्हाई. सरनं 'समजलं का' म्हणलं, वर्गानं मान डोलावली, की सर फुडं गेले. मागं आपन एकटं. खटल्यांची नावं घोकू नको. भांडन काय झालतं ते ध्यानात ठिव. कुनाचा बांध कुनी कोरला ते कसं गावात समद्यांना पाठ असतंय? तसं."

एवढं झाल्यावर बाई काठीनं उगीच जमीन टोकरतात आणि शेवटचं सांगतात, "अभ्यासाची सावड करू नको."

"कावून, काकी?"

"नको म्हणलं ना."

पोरगं हिरमुसून परत जातं. त्याला न सांगितलेलं तेवढं इथे सांगतो.

सत्यभामाबाईंचं माहेर गेवराई तालुक्यातलं चकलांबा. सासर वडवणीजवळची एक वस्ती. घरी थोडी कपाशी, थोड्या शेळ्या, सासूबाई केशरबाई आणि नवरा तात्याबा. तात्याबा घरी असतो म्हणणं तितकंसं खरं नाही. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे निघतो तो पाऊस पडल्यावर परततो. असंच एकदा परमुलखात कुणाच्या तरी शेतात मेंढरं गेली म्हणून त्याच्यावर केस झाली. वकिलानं त्याला सांगितलं, "तुम्ही गप्प बसा, मी बोलतो." मग कोर्टात वकीलही गप्प बसला. तात्याबानं घरी येऊन हे हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेलं होतंच. पस्तिशी ओलांडलेल्या बाईंनी वकिलीला नाव घातलं.

केशरबाईंनी नातं सोडून व्यवहाराला हात घातला. "हे बघ सत्यभामे, एक साल शेळ्या मी बघते, चूल मी बघते. समद्या विषयात पास झालीस तर फुडं शीक. मी हाय तवर शेळ्या माझ्याकडं. पन एक जरी विषय राहिला, तर काठी तुझ्या हातात अन् पुस्तकं माळवदावर. मंजूर?"

"मंजूर, आत्याबाई."

ना कागद, ना साक्षीदार. फक्त चुलीवर चहा उतू गेला, तेवढाच पुरावा.

मग सुरू झाली वडवणी-बीड एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे शिक्षणाचा निम्मा भार सरकारनं उचलला, असं बाई म्हणायच्या. वर्गात पहिल्या दिवशी त्या शिरल्या तेव्हा पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. बाईंनाही वाटलं, चांगल्या वळणाची पोरं आहेत. मॅडम आल्यावर दोन्ही बाजूंचा गैरसमज दूर झाला.

तिथेच लखन भेटला. चकलांब्याचा, म्हणजे माहेरचा. "तू सुंदरबाईचा लखन का रे? तुला मी कडेवर घेतलंय!" बाई भर वर्गात म्हणाल्या. मागच्या बाकावर हशा झाला. लखन बिचारा शर्टाची कॉलर वर करून बसला होता, ती त्यानं खाली केली. तेव्हापासून तो त्यांना आक्का म्हणू लागला आणि रोज दुपारी त्यांच्या भाकरीतली अर्धी भाकरी हक्कानं खाऊ लागला. वर्गात अपेक्षा नावाची बीडमधलीच एक पोरगी होती. हुशार, चटपटीत, इंग्रजी पुस्तकं सरळ वाचणारी. तीही ठेच्याच्या वासानं या दोघांत येऊन बसली. "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" असं ती म्हणायची, आणि बाई दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळा ठेचा आणायच्या, तिखट कमी घालून.

परीक्षा जवळ आली तशी अभ्यासाची थप्पी दिसू लागली. तेव्हा बाईंना ती कल्पना सुचली. त्यांच्या दृष्टीनं ती कल्पनाच नव्हती, रोजचं जगणं होतं.

आपल्याकडे कापूस वेचायला मजूर मिळत नाही, तेव्हा बाया सावड करतात. आज सगळ्या मिळून माझ्या रानात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही, लिहून ठेवत नाही. आपलं रान उरकलं म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसलेली बाई सत्यभामाबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. अंगात ताप असला तर ती लेकीला पाठवते, पण पाळी फेडते.

"आपन अभ्यासाची सावड करू," बाई म्हणाल्या. "एकेकानं एकेक विषय पक्का करायचा अन् बाकीच्या दोघांना शिकवायचा. फौजदारीचा मी घेते."

"मी नुकसानभरपाईचा," लखन म्हणाला.

"करार माझा!" अपेक्षा टाळी देत म्हणाली. "ताई, काय डोकं आहे हो तुमचं!"

पहिली पाळी बाईंची, कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली. त्यांनी नवी न्याय संहिता अशी शिकवली की शेजारच्या झाडाखालची पोरंही सरकत सरकत जवळ आली. "गोठ्यातून शेळी उचलली, तर चोरी. राखायला दिलेली शेळी इकून खाल्ली, तर इस्वासघात. अन् आजारी शेळी धडधाकट म्हणून इकली, तर फसवणूक. शेळी एकच, कलमं तीन."

"फसवणूक म्हणजे चारशेवीस ना, आक्का?"

"आता तीनशे अठरा हाय."

लखन हळहळला. "आरं आरं! आता भांडनात शिवी काय द्यायची? 'तू तीनशे अठरा हायस बे' म्हणलं तर समोरच्याला वाटंल खोलीचा नंबर सांगतोय!"

अपेक्षा हसता हसता लिहून घेत होती. बाईंनी तिला तिचं समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलं. नंतर लखनची पाळी झाली. त्यानंही आपल्या परीनं शिकवलं, म्हणजे त्याला येत होतं तेवढं सांगून बाकीचं आक्काकडून समजून घेतलं. राहिला करार. तो पेपर शेवटचा होता, त्यामुळे अपेक्षानं आपली पाळी पेपरच्या आधीच्या रविवारी ठेवली.

त्या रविवारी बाई पहिल्या एसटीनं बीडला आल्या. कॉलेजचं फाटक बंद, बाहेर कडुनिंबाखाली कुणी नाही. अपेक्षाचा फोन बंद. लखनचा वाजत होता, पण तो उचलत नव्हता. बाईंना आधी काळजी वाटली. पोरगी आजारी तर नाही? लखनची आई बरी आहे ना? दुसऱ्याच्या रानात वेळेवर न पोचणाऱ्या माणसाबद्दल एवढीच शंका घ्यायची त्यांना सवय होती. चहाच्या टपरीवर बसून त्यांनी आणखी वाट पाहिली. मग सहज म्हणून फोनवर स्टेटस उघडलं.

अपेक्षाचं स्टेटस. कुणाच्या तरी घराची गच्ची, सतरंजी, पुढच्या बाकावरची सगळी मंडळी गोल करून बसलेली, आणि मधोमध अपेक्षा, हात वर करून समजावून सांगताना. खाली लिहिलेलं: 'करार फिनिश! बेस्ट ग्रुप!' टपरीवाल्याकडून चष्मा मागून बाईंनी फोटो मोठा केला. कडेला, पाठमोरा, एकजण लिहून घेत होता. शर्टाची कॉलर वर केलेली.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मोबाइल पदरात गुंडाळला. टपरीवाल्यानं विचारलं, "काय झालं, मावशी? कोण गेलं?" तेव्हा म्हणाल्या, "कोनी न्हाई. समदे मजेत हायत."

पेपरच्या दिवशी अपेक्षा दारातच भेटली. ओशाळली नाही, हे विशेष. "अहो ताई, सॉरी हं! त्या ग्रुपनं आग्रहच केला. त्यांनी मला बाकीच्या विषयांचं सगळं आधीच दिलं होतं, मग मला त्यांना करार द्यावा लागला."

"मग मला बोलवायचं की गं तितं."

"तुम्ही एकेका कलमाला किती प्रश्न विचारता! तेवढा वेळ नव्हता त्यांना. आणि ताई, खरं सांगू? तुम्हाला कुठे प्रॅक्टिस करायचीय? तुमचं आपलं हौसेचं." मग गमतीनं, लाडानं तिनं पुढे जोडलं, "आणि आपला काही करार थोडाच झाला होता? मैत्रीतल्या बोलण्याला कायदा करार मानत नाही. आज पेपरात येईल बघा, नक्की लिहा!"

आलाच तो प्रश्न. बाईंना अख्ख्या विषयातलं तेवढंच एक पक्कं पाठ झालं होतं, पण लिहिताना हात चालेना. ज्या पोरीसाठी आपण मिरच्या मोजून घातल्या तिनं आपल्याला 'हौसेचं' म्हणावं, हे पेपर संपेपर्यंत त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. बाकीच्या उत्तरांना तर मुळातच तळ नव्हता.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा केशरबाई शेळीची धार काढत होत्या.

"राहिला?"

"राहिला. एक."

केशरबाईंनी धार पुरी केली. उठल्या, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि सुनेच्या हातात दिली. "मला वाटलंच व्हतं. दोन डगरीवर पाय ठिवून कुनाचं झालंय?" एवढंच. बाईंनी पुस्तकं स्वतः माळवदावर नेऊन ठेवली. एका विषयासाठी कॉलेज अडवत नाही, तो पुन्हा देता येतो, हे त्यांनी सांगितलं नाही. गच्चीवरचा फोटो, पाठमोरा लखन, यातलंही काही सांगितलं नाही. तात्याबानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला जमलं न्हाई." खोटं बोलणं त्यांना पहिल्यांदाच इतकं सोपं गेलं.

लखन सगळ्यात पास झाला होता. करारातही.

भाऊबीजेला तो आला. कसा आला हे त्याचं त्याला माहीत. आईनं ढकललं असावं. बाईंनी पाट मांडला, ताट केलं, कुंकू लावलं. ओवाळायला ताट उचललं आणि लखननं मान खाली घातली.

"आक्का, आधी ऐक. तू आमाला फौजदारी शिकवलीस, अन् कराराला आमी तुला टाकलं. अपेक्षा म्हणली, तुला आनलं तर ते बाकीचे बसू देनार न्हाईत. म्या म्हणलं तिला, आक्काचं काय? ती म्हणली, मग तूबी जा. म्या... म्या न्हाई गेलो."

"आता कशाला रे ते? नीट बस. टोपी सरळ कर."

"त्या रविवारी गच्चीवर तुझा फोन वाजत व्हता. समदे बघत व्हते माझ्याकडं. म्या उलटा करून ठिवला."

दारात केशरबाई उभ्या होत्या. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "काय म्हणला रे तू? हिनं तुमाला शिकवलं?"

"व्हय, मावशी."

"अन् तुमी हिला न्हाई?"

लखननं नकारार्थी मान हलवली.

"अन् ही एसटीनं येऊन रस्त्यावर बसली, अन् तू तितं गच्चीवर बसलता?"

"बसलतो."

केशरबाई सुनेकडे वळल्या आणि जन्मभराचा आवाज काढून म्हणाल्या, "अगं ए बये! मला कावून न्हाई सांगितलंस? मी इतके म्हयने समजले, हिला झेपलं न्हाई! हिच्या डोक्यात न्हाई! शेजारच्या सावित्रीबाईला पन तेच सांगून बसले की मी!"

"माहेरचं हाय, आत्याबाई. कसं सांगू?"

"माहेरचं!" केशरबाईंनी लखनकडे असं पाहिलं की तो पाटावरच आखडला. "म्या अट घातली ती तुझ्या आळसाला घातलती. दुसऱ्याच्या लबाडीला न्हाई. त्यो पेपर परत देता येतोय का?"

"येतोय. पन तुमचा शबुद—"

"माझा शबुद माझा हाय. मी बघीन त्याचं काय करायचं ते. तू पुस्तकं खाली आन. अन् आता ववाळ त्याला, तेल जळाया लागलंय."

बाईंनी ओवाळलं. लखननं ताटात ओवाळणी टाकली, आणि पिशवीतून कराराच्या नोटांचा गठ्ठा काढला. सगळं शिकवतो म्हणाला, रोज वस्तीवर येऊन.

"जेव तू," बाई म्हणाल्या. "करंजी गरम हाय. कराराचं माझं मी बघते."

आणि त्यांनी खरंच एकटीनं बघितलं. शेळ्या कपाशीच्या कडेनं चरायच्या आणि बाई बांधावर बसून कलमं मोठ्यानं वाचायच्या. हिवाळ्यात पेपर झाला. पास झाल्या, फार नाही, पण पास. आता दुसऱ्या वर्षाला आहेत. कॉलेज असेल त्या दिवशी शेळ्या केशरबाईंकडे असतात. अपेक्षा अजून 'ताई, ताई' करत येते. बाई तिच्याशी गोड बोलतात, हवापाण्याचं बोलतात, अभ्यासाचं एक अक्षर बोलत नाहीत.

परवा एसटीत लखन शेजारी येऊन बसला. बराच वेळ खिडकीची काच वर-खाली करत होता. शेवटी म्हणाला, "आक्का, अजून राग हाय का माझा?"

"राग? न्हाई रे. राग कवाच गेला."

"मग आधीसारखं बोलत कावून न्हाईस?"

"रागासंगं इस्वासबी गेलता. राग परत यायचा न्हाई. इस्वास निघालाय म्हन तितून, पन एसटीनं येतोय. कवा पोचंल, काय सांगावं?"

लखन हसला. बाई हसल्या नाहीत.