घरचा कापूस

"जमते, वयनी. ओढा," तो म्हणाला आणि आढ्याकडे पाहू लागला.

मी ओढलं. पट्टी आली, कापूस आला नाही. उजव्या बाजूच्या जखमेत तो रुतून बसला होता आणि त्याच्या खालून पिवळं पाणी आलं. वास सुटला. बगलेजवळचे दोन टाके तुटून कातडी उघडी पडली होती. कपाळाला हात लावला तर तवा. बाहेर भर दुपारचं ऊन, आणि हा माणूस पांघरूण मागत होता. "थंडी वाजून राह्यली," म्हणाला. आणि लगेच, "पण जमते."

कापूस मीच लावला होता.

हा आमचा गाडीवान. मी त्याला 'तो'च लिहिते. दुसरं काही लिहायला हात वळत नाही. नाव लिहीत नाही, कारण त्याची नावं दोन होती आणि त्यातलं एक त्यानं टाकून दिलेलं होतं. आसेगावला आमच्या गोठ्याला लागून एक खोली होती, तिथं तो राहायचा. माझा नवरा वाशीमला कापसाच्या जिनात कामाला होता, बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा. घरी मी, सासू आणि माझी दोन लेकरं. शेत, गाडी, बैल, सगळं हाच पाहायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, काहीही विचारा, उत्तर एकच. नदीला पाणी चढलंय, गाडी जाईल का? जमते. एवढं ओझं एकट्यानं उचलाल? जमते. एकदा वासराचं डोकं घागरीत अडकलं. सगळं गाव गोळा झालं, जो तो अक्कल सांगू लागला. यानं वासराला मांडीशी धरलं, दगड घेतला आणि घागर फोडली. "जमलं," म्हणाला. सासू म्हणाली, "जमलं तं जमलं, बावा, पण घागर नवी होती."

त्याला दाढी नव्हती. कितीक माणसांना नसते. वैशाखातसुद्धा अंगात जाड बंडी आणि वर गळ्यापर्यंत बटणं. विहिरीवर माणसांत अंघोळीला कधी गेला नाही. सासू म्हणायची, लाजाळू आहे. मीही तेच धरून चालले. चार वर्षं चालले.

त्या वर्षी कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी तो मोठ्या गावाला जाऊन येतो म्हणून गेला. केनवडपर्यंत आमची गाडी नेली, ती तिथल्या ओळखीच्या माणसानं परत आणून सोडली. तो अकरा दिवसांनी सर्व्हिस मोटारीनं परत आला. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून, हळूहळू, अंडी घेऊन चालावं तसा. सांगितलं की केनवडच्या बाजारात बैल बिथरला आणि छातीवर मारलं. कोणत्या बैलानं? आमच्या चांद्यानं.

आता चांद्या म्हणजे असा बैल, की त्याच्या शिंगांवर कावळे बसायचे. पण लोकांना बोलायला काय लागतं. दोन दिवसांत चांद्या मारका झाला. बायका पोरांना आमच्या गोठ्यावरून जाऊ देईनात. एकानं तर विकून टाका म्हणून सांगून पाहिलं. आणि हा खोलीत पडल्या पडल्या कळवळायचा.

"वयनी, त्याले काई बोलू देऊ नका. गरीब हाये थो."

"मंग त्याचं नाव कायले घेतलं?"

"कोणाचं घेऊ? माणसाचं घेतलं असतं तं फौजदार आला असता."

तिसऱ्या दिवशी त्यानं मला हाक मारली. पट्टी बदलायची होती आणि पाठीमागं हात पुरत नव्हता. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. सासूला मी उंबऱ्यावर बसवलं, परक्या पुरुषाच्या खोलीत एकटी आहे असं कोणी म्हणू नये म्हणून. तिला डोळ्यांनी फारसं दिसायचं नाही. पाठ करून ती गोवऱ्या मोजत होती. मी पट्टी सोडली.

दोन चिरे होते. एक इकडे, एक तिकडे, आडवे, काळ्या दोऱ्यानं शिवलेले. बैलाला शिंगं दोन असतात हे खरं. पण बैल इतकं मापात मारत नाही. आणि मला, दोन लेकरांच्या आईला, तिथं काय होतं आणि काय काढलं हे कोणी सांगायला नको होतं.

मी नवी पट्टी उलगडू लागले. तोच बोलला.

"गाठ होती. डाव्या अंगाले. डाक्टर म्हणे, येवढं काढतो. म्या म्हटलं, दोन्ही काढा."

"दुसऱ्याले काय झालं होतं?"

"काई नाई." मग म्हणाला, "ते माहं कधी वाटलंच नाई, वयनी. कोणाचं तरी वझं आपल्या अंगावर ठेवलं आन् मालक आलाच नाई, तसं."

मला कळलं नाही. आजही पुरतं कळलेलं नाही. माझी दोन्ही लेकरं मी अंगावर वाढवली होती. धाकट्याच्या वेळी दूध आटलं तर मी भिंतीला डोकं टेकून रडले होते. आणि हा ते कापून आला होता, अंगात त्राण नव्हतं, आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. गाठ खरंच होती का, हेही मला माहीत नाही. विचारलं नाही.

"मलेच कायले सांगता?" एवढं विचारलं.

"तुमचं तोंड खराब हाये. पण गोष्ट पोटात राह्यते."

त्यानंतर माझी पंचाईत झाली ती हाकेची. इतके दिवस मी भाऊजी म्हणायचे. आता तोंडातून निघेना. बाई म्हणवत नव्हतं, तेही खोटंच वाटत होतं. मग मी 'हे घ्या', 'पाणी ठेवलं', असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलू लागले. दोन दिवस त्यानं ऐकून घेतलं.

"वयनी, माहं नाव इसरल्या काय?"

"चूप बसा. हात खाली ठेवा," मी म्हटलं.

दवाखान्यानं कापसाचं एक पुडकं आणि जाळीचं कापड दिलं होतं. ते सहाव्या दिवशी संपलं. मी चिंध्या उकळून उन्हात वाळवत होते, त्याचं काही नाही. पण कापूस आणायला तालुक्याला कोण जाणार? वेचणीचे दिवस, ओसरीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. सासू म्हणाली, "घर भरून कापूस असून इकत आणतं काय वं? लोक तोंडात शेण घालतीन." मलाही पटलं. मी त्यातला लांब धाग्याचा, दुधासारखा कापूस निवडला. सरकी काढली, कचरा काढला, हातानं पिंजला. पुडक्यातल्यापेक्षा माझाच पांढरा दिसत होता. त्याच्या छातीवर ठेवताना मला अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

शेतातल्या कापसाला तेलकटपणा असतो, तो पाणी ओढत नाही, हे मला माहीत नव्हतं. दवाखान्याचा कापूस धुऊन, उकळून तो तेलकटपणा काढलेला असतो. माझ्या कापसानं जखमेतलं पाणी जखमेतच कोंडलं, वर बारीक तंतू आत सोडले. तीन दिवसांत ही दशा.

मी म्हटलं, दवाखान्यात चला. तो तापातही ताठ झाला.

"नाई. तिथं मले बायांत टाकतीन. अकरा दिवस काढले बायांत, थ्या जुन्या नावानं. इथच्या दवाखान्यात गावचं कोणी ना कोणी असतेच. मंग या गावात मले गाडी कोण हाकू दीन?"

मी पट्टी तशीच सैल गुंडाळली. नेलं तर त्याचं जिणं जातं, नाही नेलं तर जीव. आणि ते ठरवायचा अधिकार माझा कसा, हे समजेना. शेवटी उंबऱ्यावरून सासू बोलली. तिनं किती ऐकलं होतं आणि त्यातलं किती तिला समजलं होतं, देव जाणे.

"माणूस मरून राह्यला आन् तू त्याले इचारत बसली काय वं?"

लेकरं शेजारी ठेवली. गाडी मी जुंपली. सासू मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गावातून निघालो तेव्हा लोक ओट्यांवर उभे राहिले. ज्या बैलानं मारलं तोच बैल त्याला दवाखान्यात नेत होता, आणि बाई गाडी हाकत होती. कशाचं नवल करावं हे त्यांनाही ठरवता आलं नसेल.

तालुक्याचा, मंगरूळचा डॉक्टर म्हातारा होता. मी बैलाची गोष्ट सांगितली. त्यानं जखम पाहिली, टाके पाहिले, चष्मा काढून पुसला.

"बाई, तुमचा बैल शिंपीकाम करतो काय?"

मी खाली पाहिलं. डॉक्टर चिमट्यानं एकेक तंतू काढू लागला. बराच वेळ काढत होता. मला म्हणाला, "हा कापूस ज्यानं लावला त्याला हात जोडा. पुन्हा लावू नको म्हणा." मी हो म्हटलं. त्यानं सुई दिली, लाल औषधानं धुतलं, आणि मग हळूच विचारलं, "इथं ठेवावं लागेल. पडद्याच्या इकडं माणसं आहेत, तिकडं बाया. कुठं ठेवू?"

तो शुद्धीवर होता आणि नुसता माझ्याकडे पाहत होता. मला अजूनही काही कळलेलं नव्हतं, हे पुन्हा सांगते. मी डॉक्टरला म्हटलं, "माहा दीर हाये. दिराले कुठी ठेवतेत?"

डॉक्टरनं मान हलवली आणि कंपाउंडरला माणसांकडची खाट दाखवली. पट्टी त्या दिवसापासून डॉक्टरनं स्वतःच्या हातानं केली. मी खाटेजवळ तांब्या ठेवला आणि म्हटलं, "भाऊजी, पाणी प्या."

पुढच्या उन्हाळ्यात तो उघड्या अंगानं विहिरीवर गेला. लोक वण पाहायला जमले. प्रत्येकानं बैलाच्या शिंगांचं माप काढलं.

बावीस वर्षांनी तो पोटाच्या दुखण्यानं गेला. शेवटची अंघोळ माणसांनी घालायची की बायांनी, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. माझ्या नवऱ्यानं दार लावून घेतलं आणि एकट्यानं घातली. बाहेर आला, हात धुतले आणि तिरडी बांधायला बसला. मी काही विचारलं नाही.

ते दुखणं वेगळं होतं. छातीच्या जखमेतून तो उठला होता.