दीड इंची पाइप

माझ्या हातून आयुष्यात एकच मोठं काम झालं आणि ते जमिनीखाली पुरलेलं आहे. पाचोडच्या अलीकडे बीडच्या हायवेपासून आत वळलं की चार गावांच्या शिवारातून ते जातं. वर लोक कापूस लावतात, तूर लावतात, आणि खाली पुरुषभर खोलीवर एक दीड इंची काळा पाइप आहे. त्यात मोबाइलची केबल आहे. आज त्या गावांत फोनला भरपूर रेंज असते, पोरं बांधावर बसून सिनेमे बघतात. नोकरीत काय केलंत असं कुणी विचारलं तर मी हे काम सांगत नाही. त्या रस्त्यानं बीडला जायची वेळ आली तर एसटीत पलीकडच्या बाजूला बसतो. याला भ्याडपणा म्हणतात हे मला ठाऊक आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. चिकलठाण्याच्या पुढं जिथं आम्ही लहानपणी बोरं वेचायचो तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले होते, आणि प्रत्येक पानटपरीवर सिमकार्डाच्या पाट्या लटकत होत्या. शहरातलं गिऱ्हाईक संपत आलं तशा मोबाइल कंपन्या गावांकडे वळल्या. माझा डिप्लोमा नुकताच झाला होता. मी कंपनीत नव्हतोच. कंपनीच्या ठेकेदारानं ज्याला काम दिलं होतं त्या ठेकेदाराचा मी सुपरवायझर. आई मात्र अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची, आमचा मोबाइल कंपनीत साहेब आहे. मी तिला कधी अडवलं नाही. साहेब म्हणवून घ्यायला मला आवडत होतं.

काम असं होतं. टॉवर उभा राहण्याआधी त्याच्या जागेपर्यंत केबल न्यायची. त्यासाठी चर खणायचा, चरात रिकामा पाइप टाकायचा आणि माती लोटायची. केबल लगेच घालत नाहीत. सगळी लाइन जोडून झाली की काही महिन्यांनी मशीननं हवा मारून ती आत ढकलतात. तोवर जमिनीत असतो तो नुसता पाइप, शेतकरी विहिरीवरून वावरात पाणी नेतो तसलाच, काळा, निळ्या पट्टीचा.

आणि ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. संक्रांतीलाच विहिरींचे तळ दिसत होते. टँकर तीन दिवसांनी यायचा, तोही आला तर. धडधाकट माणसं वाळूजच्या कारखान्यांत नाहीतर ऊसतोडीला गेली होती. गावात उरल्या होत्या बाया, म्हातारी माणसं आणि जनावरं. या लोकांनी आयुष्यभर एक गोष्ट बघितली होती. पैठणच्या धरणातून निघालेली मोठी पाइपलाइन त्यांच्याच तालुक्यातून सरळ शहराला जाते आणि वाटेत कुणाच्या घशात थेंब टाकत नाही. आता पहिल्यांदाच एक पाइप उलटा, शहराकडून त्यांच्या गावाकडं येत होता. तो पाण्याचाच असणार असं त्यांनी धरलं.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं पाइपाचं तोंड हातात धरून जाडी बघितली. "दीड इंचीच हाय," तो म्हणाला, "पर रातंदिस चालला तर गावाला पुरंल." मला हसू आलं. मग मी आजूबाजूला बघितलं, तर दुसरं कुणीच हसत नव्हतं.

गावात रेंज नव्हतीच. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून, हात वर करकरून मी ठेकेदाराला फोन लावला आणि हे सांगितलं. तो म्हणाला, "पाणी येणार असं तू बोललास का त्यांना?"

"नाही."

"मग खोटं कुठं बोललास? रस्त्याच्या कडेची परवानगी अडकली आहे, आपल्याला बांधाबांधानं जायचंय. एकेक जण आडवा पडायला लागला तर पावसाळा उजाडेल. तू तुझं काम कर."

मी मिठाची गुळणी धरली. शेतमालकांनी संमतीच्या कागदावर पटापट सह्या दिल्या, अंगठे दिले. एकानंही मोबदला मागितला नाही. पाण्याच्या वाटेत आडवा जाणारा माणूस त्या गावात नव्हता, आणि त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला.

खणणारी माणसं खुलताबादकडची होती. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, शांत, कामाचा पक्का. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं. "साब, ये लोगां पानी समझ रहे. बोल डालो इनको." मी म्हटलं, बघू. चार दिवसांनी तो परत आला. "आप नक्को बोलो, मैं बोलतूं." मी त्याला सांगितलं, मग तुमच्या माणसांना उद्यापासून काम नाही. दुष्काळ त्याच्याही गावात होता. तो परत चरात उतरला. मात्र त्या दिवसापासून त्यानं माझ्याशेजारी जेवायला बसणं सोडलं.

चर जिथून गावात शिरणार होता ते रान एका धनगर बाईचं होतं. नवरा दोन वर्षांमागं गेलेला, एकुलती लेक चिकलठाण्याला दिलेली. चाळीसेक मेंढरं हाच तिचा संसार. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला आधी सायब म्हणायची, आठवड्याभरात लेका म्हणायला लागली. दुपारी आम्ही तिच्या लिंबाखाली डबे उघडायचो तेव्हा ती ठेचा आणून द्यायची आणि माझी टिंगल करायची. माझं पिवळं हेल्मेट हा तिचा लाडका विषय. "डोस्क्यावर टोपलं कशापायी घातलंस रं? आभाळातून तर कायबी पडंना." आमची माणसं हसायची, मीही हसायचो. खरं सांगायचं तर त्या उजाड शिवारात दिवसभरात मला बरं वाटायचं ते तेवढ्याच वेळात.

तिच्या रानाच्या अलीकडे डांबरी रस्ता आडवा होता. तो फोडायची परवानगी नसल्यानं खालून मशीननं भोक पाडायचं होतं, आणि त्या मशीनला पाणी लागतं, पुष्कळ लागतं. ठेकेदारानं टँकर पाठवला. टँकर बघून बाया हंडे घेऊन धावल्या. मी त्यांना लांब थांबवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळा टँकर जमिनीत जिरवला. दुसऱ्या बाजूनं नुसता चिखल वर आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण मावशी बाकीच्या बायांना समजावून सांगत होती, "लाइन तपासायलेत. आधी पाणी घालून बघावं लागतंय." हंडे रिकामे घेऊन त्या निमूट परत गेल्या. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी बोललो नाही.

दोन दिवसांनी ती सकाळीच चरापाशी आली. रोजच्यासारखी थट्टा नव्हती. ती चवड्यांवर बसली आणि म्हणाली, "लेका, दीर उद्या वाडा हलवायलाय." वाडा म्हणजे त्यांचा सगळा फिरता संसार, मेंढरं, घोडी, कोंबड्या, बिऱ्हाड. दीर घाटाकडं, उसाच्या मुलखात निघाला होता. तिकडं पाणी होतं, चारा होता. "म्हनतोय, तुझी बी मेंढरं दे माझ्यासंगं. मागल्या बारीला दिली तर अर्धी कोकरं त्यानं ठिवून घेतली, वर धा-बारा मेंढरं वाटंत मेली म्हनला. आता पाणी दारात येत असंल तर कशाला देऊ? तू शिकल्याला हायस. तू सांगशील तसं करते."

तिच्या संमतीच्या कागदावर अजून अंगठा नव्हता. कागद माझ्या पिशवीत होता. तिच्या रानातून चर नेला की लाइन गावात पोचत होती आणि माझं काम मुदतीत पुरं होत होतं. मुकादम फावडं टेकून माझ्याकडं बघत उभा होता. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, मावशी, दे पाठवून. केबलचं नाव काढायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, "काम तर चालू आहे ना, मावशी."

वाक्य अगदी खरं होतं. तिनं मान हलवली, उठली, आणि अंगठा कुठं करायचा ते विचारलं. दुसऱ्या दिवशी दिराचा वाडा तिच्या बांधाच्या कडेनं गेला आणि तिची मेंढरं कुडाच्या आत राहिली. मुकादमानं तो बांध खणून दिला आणि संध्याकाळी आपली माणसं घेऊन तो गावी निघून गेला. पुढच्या कामावर तो आला नाही.

पाइप जोडायच्या कामानं मी नंतर दोनदा तिकडं गेलो. पहिल्या खेपेला कुडात पंचवीस-तीस मेंढरं दिसली, दुसऱ्या खेपेला त्याहून कमी, आणि जी होती त्यांची हाडं मोजता येत होती. काही मेली होती, काही तिनं पाचोडच्या बाजारात खाटकाला देऊन टाकली होती. मावशी टँकरचं पाणी स्वतः निम्मं पीत होती आणि निम्मं त्यांना घालत होती. मला बघून तिनं दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला, "कव्हा सोडत्यात?" मी म्हणालो, वरून आदेश यायचाय. आता सांगून काय उपयोग, दीर तर लांब गेला, असं मी मनाशी म्हणत राहिलो. तेही खोटं होतं. मेंढरांच्या अंगावर मांस होतं तोवर तिनं ती विकली असती, आणि लेकीकडं चार महिने जाऊन राहिली असती. मी वेळेवर बोललो असतो तर तिचं निम्मं तरी वाचलं असतं. मी बोललो नाही, कारण आता बोललो असतो तर आधी का नाही बोललास, हा प्रश्न आला असता.

वैशाखात केबल घालायचं मशीन आलं. ते मागच्या गावात लावलं होतं, आणि आमचं टोक मावशीच्या रानातल्या खड्ड्यात होतं. पाइपाच्या तोंडाशी माणूस लागतो, म्हणून मी तिथं बसलो. मला बसायचं नव्हतं, पण दुसरं कुणी नव्हतं. नऊच्या सुमाराला पाइपातून हवा यायला लागली. फुसफुस असा आवाज, लांबूनही ऐकू येईल एवढा.

मावशी धावत आली. मागून आणखी सात-आठ बाया आल्या, हंडे, कळशा, एकीच्या हातात तर पातेलं. "हवा आली," मावशी म्हणाली, "लेकीकडं बघितलंय म्या. नळाला बी आधी हवाच येती, मागून पाणी." तिनं तिचा हंडा सगळ्यांच्या पुढं, थेट पाइपाच्या तोंडाखाली ठेवला. कुणी भांडलं नाही. पाइप तिच्या रानातून आला होता, पहिला हंडा तिचाच.

मी उठून सांगू शकत होतो. मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो.

थोड्या वेळानं पाइपातून खरोखर पाणी आलं. रस्त्याखाली पाइपात साचून राहिलेलं, मातकट, तांब्याभर असेल. ते हंड्यात पडल्याचा आवाज झाला आणि एका म्हातारीनं हात जोडले. पाठोपाठ पाइप साफ करायला सोडलेला स्पंजाचा बोळा बाहेर पडला. मग कितीतरी वेळ नुसती हवा. बाया ऊन डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. शेवटी काळ्या केबलचं टोक बाहेर आलं आणि सापासारखं हंड्यात शिरायला लागलं. एक वार, दोन वार, वेटोळं वाढतच गेलं. मी वायरलेसवर थांबा म्हणून ओरडलो. हवा बंद झाली.

एकेक बाई आपापलं भांडं उचलून गेली. मावशीनं केबल हातात घेतली, नखानं खरवडून बघितली. "ह्ये काय हाय?"

"फोनची तार आहे, मावशी. मोबाइलची."

"मंग पाणी?"

"पाणी नाही."

ती कुडाकडं बघत राहिली. आत नऊ मेंढरं होती, त्यांतली निम्मी बसलेली. ती काही रडली नाही. मग तिनं माझ्याकडं तोंड वळवलं आणि विचारलं, "लेका, तुला ठाऊक व्हतं का रं?"

अजूनही खरं बोलायला जागा होती. तिनं शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, ते सगळं मी सोसायला हवं होतं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "मलाही पाण्याचाच म्हणून सांगितलं होतं."

तिनं माझं तोंड नीट बघितलं, आणि तिला ते पटलं. "तुला बी फसिवलं म्हनायचं," ती म्हणाली. "पोटासाठी कुनाकुनाचं ऐकावं लागतंय लेकरा." मग ती घरात गेली आणि टँकरचं पाणी तांब्यात घेऊन आली. पाण्याच्या वासानं बसलेली मेंढरंसुद्धा उठून कुडाशी आली. तिनं त्यांना हातानं मागं लोटलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला. "सकाळधरनं उन्हात बसलाइस. पी."

मी तो सगळा प्यालो.