स्कॅनरचा आवाज

नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास आला की मला वडपे गावातलं ते गोदाम आठवतं. मालाची नोंद करणारं आमचं ॲप तिथे पहिल्यांदाच चालणार होतं आणि दुपारपर्यंत टिकलं नाही तर मालक जुन्या पद्धतीवर परत जाणार होते. ऑफिसात आम्ही कॉम्प्युटरवर शेकडो खोटे वापरकर्ते बनवून त्याच्यावर लोड टाकून बघितला होता आणि ते आरामात पास झालं होतं. गोदामात तर खोकी स्कॅन करणाऱ्या जेमतेम पंचवीस-तीस बायका होत्या. पत्र्याखाली उकडत होतं, बाहेर ट्रेलर रिव्हर्स घेताना केकाटत होते. शिफ्ट सुरू झाली, स्क्रीनवरचं चक्र जरा रेंगाळलं आणि चहूबाजूंनी स्कॅनरची टिटटिट सुरू झाली. बायका तेच खोकं पुन्हा पुन्हा स्कॅन करत होत्या आणि प्रत्येक वेळी सर्व्हरकडे नवी रिक्वेस्ट जात होती. थोड्याच वेळात ॲप बंद पडलं. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, “मावशी, चक्र फिरतंय तोवर थांबायचं ना.” टेबलांमधून फिरणाऱ्या सुपरवायझरकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, “हात थांबला का त्याला वाटतं, काम न्हाय करत. आवाज येत रायला पायजे.” मग आम्ही तिथेच बसून एवढंच बदललं, की स्कॅनर दर वेळी वाजेल, पण एका खोक्याची रिक्वेस्ट एकदाच जाईल. ॲप पुन्हा सुरू केलं आणि या वेळी ते टिकलं. आजही टेस्टिंगसाठी खोटी माणसं बनवताना मी त्यांना उत्तराची वाट बघायला लावत नाही. मागे कुणीतरी उभं आहे, असं धरूनच ती बटण दाबत राहतात.