दोन उकडलेली, चार कच्ची

मुलगी बारावीत होती आणि तिच्या डोक्यात संभाव्यता शिरत नव्हती. ‘यादृच्छिक चल’ हा शब्द मी समजावून सांगितला की ती म्हणायची, “पापा, ये सब होता कहाँ है?” मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. हिंदी मुलखातल्या आमच्या चौबे कॉलोनीत बहुतेक मराठी घरांत हेच चालतं.

त्या रविवारी माझ्या आईने दोन अंडी उकडली आणि चुकून चार कच्च्या अंड्यांत ठेवून दिली. मला वाटलं, उदाहरण आपणहून घरी चालत आलं. सहातून दोन उचलायची. त्यांत उकडलेली किती निघतील? शून्य, एक किंवा दोन. मी वहीत तक्ता मांडला: पंधरा जोड्यांपैकी सहांत एकही नाही, आठांत एक, आणि एकाच जोडीत दोन्ही.

आई म्हणाली, “फिरवून पाह्य ना. उकडलेलं गरगर फिरते.” फिरवलं तर गणित कुठे उरतं, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

मुलीने दोन अंडी उचलून टेबलावर फोडली. एक उकडलेलं निघालं, दुसरं तिच्या वहीवर पसरलं. एकदा करून काही सिद्ध होत नाही, असं मी म्हटलं आणि चौकातून डझनभर अंडी आणली. आईला सांगितलं, सहा-सहाचे दोन वाटे कर, प्रत्येकातली दोनच उकड आणि आम्हाला न दाखवता मिसळ. ती स्वयंपाकघरात बराच वेळ होती.

या वेळी अंडी मी उचलली. पहिल्या वाट्यातून दोन्ही उकडलेली निघाली. पंधरात एक म्हणजे अशक्य नव्हे, मी मुलीला सांगितलं. दुसऱ्या वाट्यातूनही दोन्ही उकडलेली. आता मात्र मी तक्ता पुन्हा तपासला. दोनशे पंचवीसांत एकदा घडणारी गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर घडली होती. मी शेजारच्या काकांना बोलावलं. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ चष्मा पुसून बराच वेळ त्या अंड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या घरात काहीतरी आहे बा.”

तेवढ्यात बायकोने उरलेल्यांतलं एक अंडं ऑम्लेटसाठी कढईच्या काठावर आपटलं. ते टणकन वाजलं. दुसरंही तसंच. तिने आईकडे पाहिलं.

“मी सारेच उकडले,” आई म्हणाली. “कच्चे फोडून फोडून वाया घालून राहिला तू. वहीले अंडं चारते का कोणी?”

मुलीने पेन घेतलं, माझा तक्ता खोडला आणि नवा लिहिला: शून्यची संभाव्यता शून्य, एकची शून्य, दोनची एक. “अब समझ में आया,” ती म्हणाली, आणि खरंच आलं होतं.

काकांना मी सगळं समजावलं. ते ऐकून घेऊन घरी गेले. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या सोडतीची चिठ्ठी काढायला ते मलाच घेऊन गेले. म्हणाले, आई काहीही सांगो, हात तुझा आहे. चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली नाही. तेव्हापासून ते आईलाच मानतात.