डाव्या अंगाला बसणारी गाडी

दादाने गव्हाण गावातल्या आमच्या अंगणात एक जुनी मोटरहोम आणून उभी केली. पूर्वी ती सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन होती, हे त्याने गावभर सांगितलं. किती पूर्वी, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. आत पलंग, बेसिन आणि मनात आलं तर चालणारा एसी. खाली लोखंडी पाट्यांऐवजी हवेने भरलेले जाड रबरी फुगे, मिस्त्री त्यांना बलून म्हणतात. "पान्याचा गलास ठेव, हलनार नाय," दादा म्हणाला. ग्लास खरंच हलला नाही. सकाळी पाहिलं तर गाडी मागून डाव्या अंगाला बसली होती आणि ग्लासाच्या काचा दारापर्यंत गेल्या होत्या.

गाडी निव्वळ हौसेची नव्हती, एवढं दादाच्या बाजूने सांगायला हवं. पावसाळ्यात बाबा शेवाळावरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. पाय मुडपून मोटारीत फार वेळ बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि बाबांची थोरली बहीण मुरूडला. ती लग्न होऊन तिकडे गेल्यापासून बाबांनी एकही भाऊबीज चुकवली नव्हती. आता आत्याला कानाने कमी येतं. फोनवर ती एवढंच विचारते, "येतस ना?" बाबा ओरडून "येतंय!" सांगतात आणि मग आमच्याकडे बघतात. झोपून जायचं तर ही एकच गाडी होती, आणि भाऊबीज महिन्यावर आली होती.

विमानतळात जमिनी गेल्यापासून आमच्या गावात शेतकरी उरले नाहीत, सगळे गाड्यांतले तज्ज्ञ झाले. एकाने हवा भरणारा कंप्रेसर गेलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्याने अंगणच तिरकं ठरवलं. मी नवीन पनवेलला राहणारा, म्हणून पुस्तकी. मी मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघून गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की गळती शोधली पाहिजे. ते ऐकून घरातल्या मांजरानेही मान फिरवली.

शेवटी कळंबोलीच्या ट्रकवाल्यांकडून एक मिस्त्री चाचा आले. त्यांनी बाटलीत साबणाचं पाणी केलं, गाडीखाली शिरून प्रत्येक जोडावर फवारलं. जिथे हवा सुटते तिथे फेस फुगतो. कुठेच फुगेना. संशयावरून डावा बलून बदलला. गाडी बसली. हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बदलला. गाडी पूर्वीपेक्षा लवकर बसली. दादाने हात टेकले आणि निदान केलं, "नजर लागली."

दोन दिवसांनी, भाऊबीजेच्या आधीच्या शनिवारी, चाचा न कळवता आले. गाडीखाली गेले. मग त्यांनी हाक मारली. "भाई, ये क्या लटकाया है?"

मी वाकून पाहिलं. मागच्या चाकाच्या आड लिंबू-मिरची डोलत होती. एवढ्या शाही गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधली तर लोक हसतील, म्हणून दादाने ती, गाडी आणली त्याच दिवशी, कुणाला दिसणार नाही अशी मागे बांधली होती. बांधायला उलव्याच्या कुठल्याशा इमारतीवरची, सळ्या बांधायची बायंडिंगची तार आणि बांधायला सोयीची जागा म्हणजे बलूनला हवा नेणारी नळी. दर शनिवारी नवं लिंबू. मिस्त्री यायचा असला की आदल्या दिवशी दादा ते सोडून ठेवायचा, लाज वाटते म्हणून. गाडी बसली की नजर वाढली असं धरून पुढची गाठ आणखी घट्ट आवळायचा. चाचांनी तार ओढली, तशी नळी फुसकन बोलली; तार सोडली की चीर मिटायची, म्हणून साबणाचा फेस कधी फुगला नव्हता.

"नजरेचं मला मालूम नाय," चाचा म्हणाले, "पण नळी तुमी सोताच कापलीत."

दादा लिंबाकडे बघत उभा राहिला. मी हसलो नाही. पोट दुखेपर्यंत नंतर हसलो, ते वेगळं.

चिरलेला तुकडा काढून चाचांनी मध्ये जोड बसवला. नळी जुनी, कडक झालेली. नवी मागवावी लागणार होती, ती भाऊबीजेनंतरच येणार. जोड मुरूडपर्यंत टिकेल, परतीचं सांगता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. दादा म्हणाला, नळी आल्यावर जाऊ. बाबांनी पलंगावरून विचारलं, "तवा भाऊबीज असंल का?" दादा डिझेल भरून आणायला गेला.

आम्ही गेलो. आत्याने बाबांना गाडीतच ओवाळलं, आणि ताट खाली ठेवेपर्यंत गाडी डाव्या अंगाला बसली. नळी येईपर्यंत आम्ही सगळे तिथेच अडकलो. दादा फोनवर फोन करत होता, मी रजा वाढवत होतो. बाबा आणि आत्या रोज सकाळपासून गाडीच्या दारात बसून बोलायचे. ते ओरडायचे, तिला निम्मं ऐकू यायचं, आणि दोघंही हसायचे. इतकं हसताना मी बाबांना आमच्या घरी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला लागलं.

पाचव्या दिवशी नळी आली. चाचा व्हिडिओ कॉलवर सांगत गेले आणि मी गाडीखाली उताणा पडून ती बसवली. दादाने इंजिन चालू केलं. गाडी उचलली गेली. मी साबणाचं पाणी फवारलं, जोडावर, बलूनवर, सगळीकडे. एकही बुडबुडा नाही.

वरून बाबांचा आवाज आला, हळू, आत्याला ऐकू जाऊ नये असा. "नीट बग रे. आजून कुटंतरी हवा गलत असंल."

मी साबणाच्या पाण्याची बाटली बाजूला ठेवली.

"हां बाबा," मी म्हणालो, "गलतंय. उद्या बगू."