पेशींच्या पेटीतलं झेंडूचं फूल

मॅडमनी पेटीचं दार उघडलं. एक थाळी काढली, उजेडासमोर धरली, परत ठेवली. दुसरी काढली. थाळीतलं पाणी गुलाबी असायचं. ते पिवळं, गढूळ झालं होतं आणि वर कापसासारखी बुरशी आली होती. सगळ्या थाळ्या तशाच. मग त्यांनी वाकून तळातलं पाण्याचं ताट बाहेर ओढलं. त्यात झेंडूचं फूल होतं, मऊ पडून फुगलेलं.

"हे कोणी टाकलं?"

वॉचमन दारात उभा होता. "मला काय ठावं? मी आत पाय टाकत न्हाई."

"मी टाकलं," मी म्हणाले. "खंडेनवमीला."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "हात कुठं कुठं लावला, मावशी? झाकण उघडलंत एखादं?"

"न्हाई. दाराला आतून हळद-कुंकू लावलं. फूल पाण्यात सोडलं."

"हात धुतले होते?"

"न धुता पूजा करंन का मी?"

"नंतर, मावशी. नंतर धुतले का?"

नंतरही धुतले होते. तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

मंचरच्या बाहेर, शेताच्या कडेला ते संशोधनाचं केंद्र होतं. मी तिथं फरशी पुसायची आणि काचा धुवायची. राहायला डिंभ्याला. एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून मिळेल त्या गाडीनं यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची. नवरा आधीच गेलेला. लेक नव्वदच्या दशकात छातीच्या गाठीनं गेली. आम्ही तिला डॉक्टरकडं उशिरा नेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. घरात मी एकटी.

मॅडम पुण्याच्या. लग्न केलं नव्हतं, केंद्रातल्याच एका खोलीत राहायच्या. चार वाजता चहा माझ्याबरोबर घ्यायच्या. दिवसभरात मी कोणाशी बोलायची तर त्यांच्याशीच. त्यांचं काम त्यांनी मला दोनदा समजावलं, दुसऱ्यांदा समजलं. कुठल्याशा दवाखान्यात एका बाईच्या छातीतली गाठ काढली होती. तिचा बारीक तुकडा आणून मॅडमनी त्यातल्या पेशी थाळीत वाढवल्या. त्या नुसत्या तगायलाच आठ महिने लागले. त्या पेशींच्या आत एक जीन आहे, ते सारखं वाढा वाढा म्हणतं. त्याचं तोंड बंद करायचं. पण आत जायचं कसं? विषाणूला आत शिरायची वाट माहीत असते. म्हणून विषाणू घ्यायचा, त्याचं आजार करणारं सगळं काढून टाकायचं आणि त्याच्याबरोबर जीन गप्प करणारा निरोप धाडायचा.

माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. माझे वडील देवी आलेल्या मेंढराची खपली वाळवून चांगल्या मेंढरांच्या कानाला चोळायचे. मग कळपात देवी शिरली तरी ती मेंढरं तगायची. हे मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. "तसं नाही मावशी, पण अगदी वेगळंही नाही," म्हणाल्या. तेव्हापासून मला त्या कामाची भीती वाटली नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं.

ती पेटी म्हणजे उबेचं कपाट. आत अंगाएवढी ऊब आणि ओल राहावी म्हणून तळाला पाण्याचं ताट. पेटीला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते विसरले नव्हते. पण खंडेनवमीला केंद्र बंद होतं. माझ्या घरी पूजेला ना औत उरलं होतं, ना कात्री. किल्ली माझ्याकडं, म्हणून मी इथं आले. सगळ्या मशिनींना बाहेरून कुंकू लावलं. पेटीपुढं थांबले. आमच्यात धान्याच्या कणगीला बाहेरून कुंकू लावत नाहीत. झाकण काढायचं, आत हात घालायचा, दाण्यांवर हळद-कुंकू टाकायचं, फूल ठेवायचं. ज्याच्या पोटात काही आहे, त्याची पूजा आतून. मी दार उघडलं. लेकीचं नाव घेतलं आणि फूल पाण्यात सोडलं. थाळ्यांची झाकणं सैल असतात, हवा आत जावी म्हणून, हे मला ठाऊक नव्हतं. सुट्टीचे तीन दिवस ते फूल त्या उबेत कुजत राहिलं आणि त्याची बुरशी थाळ्यांत शिरली.

मोठ्या साहेबांनी मला काढायचं ठरवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना काढलं तर काचा कोण धुणार? माझ्याकडं मार्चपर्यंतच वेळ आहे." मार्चअखेर त्यांची मुदत संपत होती. तोवर काम दाखवता आलं नाही, तर सगळं सोडून जायचं.

आशा एकच होती. त्या बाईच्या पेशी त्यांनी तीन कुप्यांत भरून गोठवून ठेवल्या होत्या. तेवढ्याच. गाठीचा तुकडा पुन्हा मिळणार नव्हता. मी विचारलं, "ती बाई हाय का?" मॅडम म्हणाल्या, "गेली. मला तिचं नावही ठाऊक नाही, नुसता तुकड्यावरचा नंबर."

दसऱ्यानंतर पहिली कुपी उघडली. जिवंत पेशी थाळीच्या तळाला धरतात. एकही धरली नाही. दिवाळीनंतर दुसरी. थोड्या धरल्या आणि आठवड्यात सुटल्या.

त्या दिवसांत मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. चार वाजता मी त्यांचा कप दाराबाहेर ठेवायची, त्या आतून घ्यायच्या. रिकामा कप परत दाराबाहेर. मी माझा चहा काचा धुवायच्या बेसिनपाशी उभ्यानंच प्यायची. घरी गेलं की कुलूप मीच काढायचं. दोन-दोन दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. वॉचमन तेवढा बोलायचा. "काय मावशी, यंदा फूलच? पुढच्या साली पेटीला बोकड कापा."

"तुझ्याच गळ्यात दावं बांधून आणते," मी म्हणायची. तो हसायचा. मला हसू येत नव्हतं.

तिसरी कुपी उघडायचं मॅडम महिनाभर टाळत होत्या. एक दिवस उघडली. मला आता त्या खोलीत जायला बंदी होती, म्हणून मी काचेतून नुसती त्यांची पाठ पाहायची. पाचव्या दिवशी त्यांनी दार उघडलं. "मावशी, हात धुवा आणि या."

सूक्ष्मदर्शक यंत्राला मी डोळा लावला. ओल्या भिंतीला गोगलगायी चिकटाव्यात तशा पेशी तळाला चिकटल्या होत्या. मी म्हणाले, "धरलं." त्या म्हणाल्या, "धरलं."

त्या दिवशी मॅडम आपला चहाचा कप घेऊन बेसिनपाशी आल्या.

फेब्रुवारीत त्या पेशींना विषाणू दिला. विषाणू आत पोचला की पेशी हिरवी चमकते, ती खूण त्यानंच बरोबर नेलेली असते. अंधार करून मला दाखवलं. पुढच्या दिवसांत ज्या चमकत होत्या त्या वाढायच्या थांबल्या. ज्या चमकत नव्हत्या त्या वाढत राहिल्या.

"मग औषध झालं?" मी विचारलं.

"नाही. थाळीत झालं. माणसापर्यंत पोचायला माझी नोकरी पुरायची नाही."

"मंग कशाला येवढं?"

"कुणाचं तोंड बंद करायचं ते तरी कळलं, मावशी."

मार्चमध्ये त्यांनी काम दाखवलं. एप्रिलमध्ये त्या परदेशी गेल्या. जाताना पेशींच्या नव्या कुप्या कोरड्या बर्फात घालून नेल्या. सुरुवातीला दोन पत्रं आली, मग नाही. केंद्र नंतर तीन वर्षं चाललं. मी शेवटपर्यंत काचा धुतल्या.

ज्या बाईची ती गाठ होती ती गेली. माझी लेक गेली. तिसऱ्या कुपीतल्या पेशी जगल्या.