वजा चारची भीती

धरणगावच्या परीक्षा केंद्रावर मी रिक्षातून उतरले, तेव्हा फाटकाशी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "अक्का, पालकांनी बाहेरच थांबायचंय." मी हॉलतिकीट दाखवलं. ती हसली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्या अंगणवाडीच्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. मी तिथं मदतनीस. दहावी पास झाले तर त्यांची जागा मला, नाही तर खिचडीचं पातेलं जन्मभर माझंच. म्हणून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तेव्हाची मी म्हणजे मोठी शहाणी. दोन नातवंडांची आजी, घरात सगळ्यांना दमात घेणारी. आणि गणिताला बसायची सुनेसमोर, मान खाली घालून. सून धुळ्याच्या कॉलेजात शिकलेली. "आत्याबाई, गुणाकार किती? बेरीज किती? मग फोडा ना मधलं पद."

पेपरात आलं: एक्स वर्ग, वजा तीन एक्स, वजा अठ्ठावीस बरोबर शून्य. अवयव पाडून सोडवा. सात आणि चार सुचले. बेरीज अकरा. हवी होती वजा तीन. चिन्हं बदलून पाहिली, तेव्हा कुठं जमलं: वजा सात, अधिक चार. कंस मांडले, तर उत्तरं निघाली दोन. सात आणि वजा चार. एका प्रश्नाला दोन उत्तरं देणारं पोर मी अंगणवाडीत कधी सोडलं नव्हतं. वजा चारवर पेन टेकवलं, आणि सुनेचं दटावणं आठवलं: "आधी घालून बघा, मग खोडा." घातलं. सोळा, अधिक बारा, वजा अठ्ठावीस. शून्य. सात घातला, तरी शून्यच. दोन्ही ठेवली. पण घंटा होईस्तोवर वजा चार पुन्हा पुन्हा घालून बघत राहिले.

घरी सून दारातच उभी. "दोन्ही लिहिली ना, आत्याबाई?"

मला खोडी सुचली. "दोन कशाला? वजावालं खोडून टाकलं."

ती मटकन ओट्यावर बसली. डोळे भरून आले. मला दटावणारी ही पोर माझ्याहून जास्त घाबरलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"नाही गं बाई, लिहिलीत दोन्ही. गंमत केली."

तिनं डोळे पुसले. मला वाटलं, आता हसेल.

"मग कागद घ्या," ती म्हणाली. "बठ्ठा पेपर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, परत सोडवा, माझ्यासमोर. चहा नंतर."

निकाल लागला, मी पास झाले, ते पुढं. त्या दुपारी मात्र पहिल्याच उत्तराला ती नुसती "हं?" म्हणाली, आणि मी ते खोडायला पेन टेकवलं.